कॅप्टनचे खलाशी

कॅप्टनची वाचा गेली त्याला चार महिने होत आले होते. गेली म्हणजे ते अगदी मुके झाले असं नव्हे. तसं झालं असतं तर घरात निदान शांतता तरी झाली असती. आवाज पूर्वीइतकाच खणखणीत होता, फक्त शब्द भलतेच निघायचे. पाणी हवं असलं की ते 'चावी' म्हणायचे, उशी सरळ करायची असली की 'बुधवार'. समोरच्याला कळलं नाही की चिडून एखादी शिवी हासडायचे. ती मात्र अगदी स्पष्ट, काना-मात्रेचीही चूक नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळतं सगळं, नेमका शब्द तेवढा हाताला लागत नाही. शिव्या, आकडे, तोंडपाठ गोष्टी डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात, त्या बहुधा शाबूत राहतात. अर्धांगाच्या त्या झटक्यात उजवा हात आणि उजवा पाय मात्र जवळजवळ कामातून गेले होते.

ते फेरीबोट चालवणारे. अर्धं आयुष्य या काठावरची माणसं त्या काठावर नेण्यात गेलेलं, त्यामुळे इमारतीत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. घरातही कारभार बोटीवरचाच. कप कुठल्या हुकाला टांगायचा, दाराची कडी कधी लावायची, सगळ्याला हुकूम. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुनेने ओळखलं की यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ती 'हो बाबा' म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. बरीच वर्षं असं चाललं होतं. भांडण नाही, पण धड बोलणंही नाही.

ती घरूनच काम करायची. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या तोंडाचे साचे यायचे, त्यांवर मेणात दात बसवून ती कवळ्या तयार करून द्यायची. नवरा मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करणारा. लोकांच्या फोनला रेंज यावी म्हणून डोंगर पालथे घालणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोन मात्र कधी लागत नसे.

बायको गेल्यावर कॅप्टननी मासे पाळले होते. मासेवाल्याने रंगीबेरंगी, झुलत्या शेपट्यांचे मासे दाखवले, पण कॅप्टननी निवडले ते तळाशी वाळूत लुडबुडणारे, बोटाच्या दोन पेरांएवढे कॅटफिश. त्यांच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या होत्या, एकीवर एक चढवलेल्या, चिलखत घातल्यासारख्या. तोंडाशी आखूड मिशा. दिवसभर ते वाळूत नाक खुपसून काहीतरी शोधत असायचे. मध्येच एखादा बाणासारखा वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात खाली जाऊन पुन्हा कामाला लागायचा. कॅप्टन त्यांना खलाशी म्हणायचे. "वर मिरवणारे खूप असतात," ते म्हणायचे. "बोट चालते ती खालच्या लोकांवर." टाकीत दुसरा एकही मासा त्यांनी येऊ दिला नाही.

ते हॉस्पिटलमध्ये असताना त्यांच्या खोलीत दवाखान्यातल्यासारखा मोठा पलंग आणावा लागला. त्याला जागा व्हावी म्हणून नवरा-बायकोने टाकी भिंतीलगतच्या कट्ट्यावरून हलवून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. कॅप्टन घरी आले, त्यांनी टाकी पाहिली आणि डावा हात तिच्याकडे नाचवत ओरडले, "टोपी! टोपी!"

सुनेने कपाटातून त्यांची जुनी टोपी काढून दिली. त्यांनी ती भिरकावून दिली. त्यानंतर रोज कधी ना कधी टाकीकडे बोट दाखवून ते 'टोपी' म्हणायचे आणि घरातले 'हो हो' म्हणून पुढच्या कामाला लागायचे.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. हो-नाहीच्या वेळीही कॅप्टनची मान भलतीकडे हलते, म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातावर डाव्या मुठीने ठोकायचं. एकदा ठोकलं तर हो, दोनदा ठोकलं तर नाही. "आणि तुम्ही विचारल्यावर थांबायचं," बाई सुनेला म्हणाल्या होत्या. "उत्तराला वेळ लागतो." कॅप्टननी त्यांच्यासमोर मूठ उचललीच नाही. शाळकरी पोराचा खेळ वाटला असावा. सुनेलाही थांबायला कुठे वेळ होता?

त्या दुपारी कॅप्टनना सांभाळायला येणारा माणूस रजेवर होता. सून स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका कवळीचे पुढचे दात लावत बसली होती. संध्याकाळपर्यंत काम पोचवायचं होतं आणि एक दात काही केल्या रांगेत बसत नव्हता. तेवढ्यात आतून ठोकल्याचा आवाज आला. तिने दुर्लक्ष केलं. आवाज वाढला. मग 'टोपी' सुरू झालं.

"आले हो, आले," ती म्हणाली आणि हातातला दात बसवूनच उठली.

कॅप्टन चाकांच्या खुर्चीत होते. चेहरा लालबुंद, मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होती. ती टाकीच्या दिशेने दोन पावलं पुढे गेली आणि तिचा मोजा ओला झाला.

टाकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं. ठिबकत नव्हतं, दोऱ्यासारखी सलग धार टेबलाच्या पायावरून उतरत होती. ती पुसायला धावली, पण कॅप्टननी डाव्या हाताने तिचं मनगट असं पकडलं की ती जागच्या जागी फिरली.

"सोडा! काय करताय?"

त्यांनी सोडलं नाही. ते जमिनीकडे बघत होते. तिने तिकडे पाहिलं. टेबलामागे लाकडी जमिनीवर विजेचा लांब बोर्ड पडला होता. फिल्टर, हीटर, दिवा, सगळ्यांचे प्लग त्यातच. पाण्याचं थारोळं त्याच्यापासून वीतभरही लांब नव्हतं. आणि तिचे दोन्ही पाय ओले होते.

ती मागे सरली, बाहेरच्या पॅसेजमध्ये धावली, स्टुलावर चढून मुख्य बटण खाली ओढलं. घरातली सगळी गुरगुर एकदम थांबली. मागे राहिला फक्त पाण्याचा आवाज.

परत येईपर्यंत धार जाड झाली होती. सगळ्यात आधी तिच्या हाताला सुचलं ते मेणच. गुलाबी मेणाची पट्टी हातात मळून मऊ केली आणि कोपऱ्यावर दाबली. क्षणभर वाटलं, थांबलं. मग पट्टी ओल्या काचेवरून साबणासारखी घसरली आणि पाणी पुन्हा सुरू झालं. या टाकीत मोठ्या माणसाच्या वजनाहून जास्त पाणी आहे, हे तिला तेव्हा आठवलं. हलवताना दोघांनी ते बादल्यांनी उपसलं होतं.

खालून छताला काठीचे दणके बसले. पाठोपाठ जिन्यात पावलं वाजली. खालच्या मजल्यावरची शिंपीण गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या घेऊनच आत आली. टाचण्या तोंडात धरून बोलायची तिला सवय होती, पण आज तिने त्या हातावर काढल्या.

"अगं, माझ्या कापायच्या टेबलावर पाऊस पडतोय! लोकांचे पडदे आहेत तिथे!" ती दारातच थबकली. "अरे देवा."

"मावशी, ती नळी घ्या, पलंगाखालची. पाणी बादलीत काढा आणि मोरीत ओता. मी मासे काढते."

शिंपीण पडदे विसरली. नळीचं एक टोक टाकीत घालून तिने दुसरं तोंडात धरलं, ओढलं, तोंडभर पाणी थुंकलं आणि बादली भरायला लावली. सुनेने खिळ्यावर टांगलेली मासे धरायची जाळी उचलली.

ठक ठक. "चहा!" कॅप्टन ओरडले. "चहा, चहा!" ठक ठक.

"आत्ता चहा? बाबा, जरा थांबा!"

ठक ठक. तिने पाहिलंच नाही. जाळी पाण्यात घालताच खलाशी चौखूर उधळले. वाळूचा धुरळा उठला. पहिला सापडला, पण जाळीतून बाहेर येईना. या माशांच्या परांत पुढे एकेक टोकदार काटा असतो. घाबरले की ते तो ताठ रोवून धरतात, मग जाळीच्या भोकांत असा अडकतो की ओढावं तर मासा फाटेल. तिने बोटांनी सोडवला. दुसरा सोडवताना काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. इवलासा काटा, पण अख्खा तळहात पेटल्यासारखा झाला. तिने दात-ओठ खाल्ले आणि काम चालू ठेवलं. एकेक करत दहा मासे कपडे भिजवायच्या निळ्या बादलीत पडले. अकराव्याला शोधायला पाणी फार गढूळ झालं होतं.

"गाढव!" मागून आवाज आला. अगदी स्वच्छ.

ती वळली. इतकी वर्षं 'हो बाबा' म्हणून गिळलेलं सगळं घशाशी आलं. "हो, आहे मी गाढव! तुमचे मासे वाचवते म्हणून गाढव!"

"अगं," शिंपीण हलकेच म्हणाली, "बादलीत बघ."

निळ्या बादलीतल्या पाण्यावर फेस आला होता. साबण नव्हता तिथे, कसलाच नाही, तरी दुधावर येतो तसा फेस. तीन मासे आडवे पडले होते. बाकीचे गोल-गोल, वेड्यासारखे फिरत होते. ती बघत असतानाच एकाचं पोट वर आलं.

काय चुकलं? पाणी तर त्यांच्याच टाकीतलं घेतलं होतं.

"त्यांना काहीतरी सांगायचंय गं," शिंपीण म्हणाली. "मघापासून बोंबलतायत बिचारे. तू बघ त्यांच्याकडे, नळी मी सांभाळते."

टाकीतून पाणी येतच होतं. बादलीत मासे मरत होते. अशा वेळी एका जागी बसून कुणाच्या उत्तराची वाट बघायची म्हणजे जीव टांगणीला लागतो. तरी ती ओल्या जमिनीवर कॅप्टनसमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, मी विचारते. तुम्ही ठोका. यांना दुसरं पाणी हवंय?"

कॅप्टनचे ओठ हलले. काहीतरी भलतंच येतंय हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तोंड मिटून घेतलं. मूठ वर गेली. तिथेच राहिली. ती थांबली. बादलीकडे बघायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं.

ठक.

"नळाचं?"

ठक ठक. जोरात.

"टाकीतलंच, ताजं काढलेलं?"

ठक.

"मोठी बादली आणू?"

ठक ठक.

"मग काय..." तिने इकडे तिकडे पाहिलं. मोठी नको. "लहान भांडी?"

ठक.

"वेगळी-वेगळी? एकेकाला एकेक?"

ठक! आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढा ताठ माणूस, पण त्यांनी ते पुसलेही नाहीत.

ती स्वयंपाकघरात धावली. पेले, बरण्या, कप, कवळ्या भिजवायच्या झाकणाच्या वाट्या, जे हाताला लागलं ते ट्रेमध्ये भरून आणलं. शिंपिणीने नळी वळवून प्रत्येक भांड्यात टाकीतलं पाणी सोडलं. सुनेने जाळी हातात घेतली.

ठक ठक.

"जाळी नको?"

ठक.

"मग कशाने? हाताने?" ठक ठक. तिने ट्रेवरचा कप उचलून त्यांच्यासमोर धरला. "याने?"

ठक. मघाशी ते 'चहा' का म्हणत होते, ते तिला आत्ता कळलं. कपाने काढ, असं ओरडत होते ते. हाताला लागलेला शब्द जवळचा होता, पण तिने कान दिला नव्हता.

कपाने मासे अलगद आले. फेसाचं पाणी गाळून टाकत तिने एकेकाला स्वतंत्र भांड्यात सोडलं. तीन केव्हाच गेले होते. चौथा जाड तळाच्या पेल्यात आडवा पडून राहिला. त्याचे कल्ले भराभर हलत होते. पाचवा मात्र खाली गेला, स्थिरावला, मग झपकन वर येऊन त्याने हवेचा घोट घेतला.

आता कुठे तिला तिचा हात जाणवला. अंगठ्याचा उंचवटा टम्म सुजला होता, वेदना कोपरापर्यंत चढली होती. कॅप्टननी तो पाहिला. ते स्वयंपाकघराकडे बोट करून म्हणाले, "खिडकी."

या वेळी ती चिडली नाही. "काहीतरी आणू? थंड? बर्फ?"

ठक ठक.

"गरम? गरम पाणी?"

ठक.

थर्मासमधलं पाणी वाडग्यात ओतून, सोसवेल इतकं करून तिने हात बुडवला आणि खुर्चीशेजारीच बसली. थोड्या वेळाने आग उतरू लागली. शिंपीण बादल्या ओतत येरझाऱ्या घालत होती. टाकी निम्म्यावर आली होती. सून बसली होती तिथून टेबलाचा मागचा पाय नीट दिसत होता. तो जमिनीच्या फळीत बोटभर रुतला होता. फळी पार कुजलेली. टाकीतल्या पाण्याची रेघ काचेच्या एका कडेला वर होती, दुसऱ्या कडेला खाली.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "टोपी म्हणजे... टेबल कललंय, हे सांगत होतात? आल्या दिवसापासून?"

ठक.

बोट कुठल्या बाजूला कलतेय हे आयुष्यभर पायांनी ओळखणारा माणूस, आणि तिने त्याच्या हातात टोपी दिली होती. "माझ्याकडून ऐकायचं राहून गेलं," ती म्हणाली.

कॅप्टननी मूठ उचलली, पण ठोकली नाही. ते तिच्या मागे बघत होते. त्यांचे डोळे विस्फारले. मग मूठ खुर्चीवर धाडधाड पडू लागली. एकदा नाही, दोनदा नाही, सलग.

लाकूड करकरलं.

"मावशी, मागे व्हा!" ती ओरडली, वाडगं सांडून उठली आणि खुर्चीची मूठ पकडून कॅप्टनना सगळ्या ताकदीनिशी दाराकडे ओढलं. टेबलाचा पाय फळीतून आरपार गेला. टाकी एका कडेवर कलंडली, कोपऱ्याचा जोड उघडला, समोरची काच आधी सावकाश आणि मग एकदम निसटली. उरलेलं पाणी, वाळू, लाकडाचा ओंडका, वनस्पती, सगळं एका लाटेत जमिनीवर आलं. काच पलंगाच्या पायावर आपटून फुटली. मघाशी कॅप्टनचे पाय होते, नेमकं तिथे तिचे तुकडे पसरले.

शिंपीण नळी हातात धरून भिंतीला चिकटली होती. नळीतून आता काहीच येत नव्हतं.

"माझे पडदे गेले म्हणायचे," ती शेवटी म्हणाली, आणि तिघांतलं पहिलं हसू तिलाच फुटलं.

कॅप्टन हसले नाहीत. ते ट्रेकडे बघत होते. डावं बोट पुढे करून त्यांनी भांडी दाखवायला सुरुवात केली.

"एक," ते म्हणाले.

सून दचकली.

"दोन. तीन. चार." भलता शब्द एकही नाही. "पाच. सहा. सात." मग बोट निळ्या बादलीकडे वळलं. तिथले तीन त्यांनी जरा थांबून, आवाज खाली आणून मोजले. "आठ. नऊ. दहा." बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"अकरावा," ती म्हणाली. "मला मिळालाच नव्हता तो."

तिने चपला चढवल्या, भाजी वाढायचा मोठा डाव घेतला आणि काचांच्या तुकड्यांतून वाट काढत वाळूच्या ढिगाशी बसली. डावाने एकेक थर बाजूला करू लागली. दर वेळी डाव घालताना वाटे, आपणच चिरडणार याला. वनस्पती उचलली, खाली नाही. टेबलाखाली नाही. पलंगाखाली शिंपिणीने आडवं पडून पाहिलं, नाही. पाण्याबाहेर मासा किती वेळ टिकणार? दोघी एकमेकींकडे न बघता शोधत राहिल्या.

"फळीतून खाली तर नाही गेला?" शिंपीण पुटपुटली.

ठक ठक.

कॅप्टन ओंडक्याकडे बोट दाखवत होते. तो पालथा पडला होता. तिने तो उलटा केला. खालच्या खोबणीत ओंजळभर ओली वाळू अडकली होती आणि वाळूत दोन मिशा. ती चिखलाचा गोळा झालेली वस्तू मासा आहे हे ओळखायलाही क्षण गेला. हलत नव्हती. तिने डावाने वाळूसकट उचलून ती शेवटच्या वाटीत सोडली.

वाळू तळाशी बसली. मासा तिच्यावर पोट टेकून पडला. तिघंही वाकून बघत राहिले.

मग त्याने शेपटी झटकली, सरळ वर आला, हवेचा घोट घेतला आणि खाली गेला.

"अकरा," कॅप्टन म्हणाले.

संध्याकाळी मासेवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, हे मासे फार भेदरले की अंगातून विष सोडतात. मोठ्या पाण्यात ते पांगतं. एका बादलीत कोंडले की त्यांच्याच विषाने सगळे मरतात. कॅप्टनना माहीत असणारच की, मीच सांगितलं होतं." पेल्यात आडवा पडलेला चौथा मासाही रात्र उलटायच्या आत गेला. सात उरले. त्यांना एका रुंद टबात जुन्या फिल्टरसकट न्हाणीघरात ठेवलं. कवळीचं काम दुसऱ्या दिवशी गेलं आणि डॉक्टरांची बोलणी तिने मुकाट्याने ऐकून घेतली.

नवरा दोन दिवसांनी आला. उखडलेली जमीन बघून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. "आता बास," तो बायकोला म्हणाला. "बाबांच्या अंगावर काच पडली असती. मासे उद्याच दुकानात देऊन येतो."

"माझ्याकडे बघून काय सांगतोस? त्यांचे आहेत, त्यांना विचार. हो किंवा नाही म्हणता येईल असं विचार. आणि विचारलंस की थांब."

त्याने बायकोकडे जरा नवलाने पाहिलं, मग वडिलांकडे वळला. "बाबा, मासे घरात ठेवायचेत?"

कॅप्टननी बराच वेळ घेतला.

ठक ठक.

सून गडबडली. तिने नव्या टाकीसाठी भिंतीलगतच्या कट्ट्याचं माप घेऊन ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. "देऊन टाकायचे?"

ठक.

"दुकानात?"

ठक ठक. मग त्यांनी डावा पाय उचलून जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला.

"खाली?" ती म्हणाली. "मावशींकडे?"

ठक.

"त्यांच्याकडे का?" नवऱ्याने विचारलं, आणि याचं उत्तर ठोकून देता येणार नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने वाकून फुटक्या फळीतून खाली पाहिलं. शिंपिणीच्या दुकानाची जमीन दिसत होती. "तळमजला. दगडी फरशी," तो म्हणाला. "कलणार नाही. आणि खाली कुणी राहत नाही, भिजायला."

मूठ इतक्या जोरात पडली की खुर्ची हलली.

शिंपिणीने मात्र कानांवर हात ठेवले. "मला? मला कुंडीतलं रोप जगवता येत नाही! कोण बघणार त्यांच्याकडे?"

कॅप्टननी अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला.

म्हणजे ते स्वतः जिना उतरून खाली जाणार होते. हॉस्पिटलमधून आल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. वर आणताना दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं, तो अपमान ते विसरले नव्हते. व्यायाम शिकवणाऱ्याने जिना सुचवला तेव्हा त्याला त्यांनी इतकी स्पष्ट शिवी दिली होती की तो पुन्हा जिन्याचं नावच काढेना.

शिंपिणीने एक भक्कम टेबल रिकामं केलं, नवी टाकी आली, पाणी माशांना मानवेल असं मुरायला ठेवलं. आठवड्याने माशांना खाली न्यायचा दिवस ठरला. त्या सकाळी कॅप्टननी दाढी करून घेतली आणि बूट मागितले. म्हणजे काहीतरी दुसरंच म्हणाले, पण सुनेने तीन प्रश्नांत बूट शोधून काढले.

जिना अरुंद होता. कठडा डाव्या हाताला, तेवढं नशीब. नवरा मागून त्यांचा पट्टा धरून, सून पुढे, उलटी उतरत. डावा हात कठड्यावर, उजवा पाय आधी खाली, मग डावा. मध्यावर उजवा गुडघा दुमडला. ते पुढे झुकले, त्यांचं सगळं वजन सुनेच्या खांद्यावर आलं आणि तिची टाच पायरीच्या कडेवरून अर्धी सुटली. नवऱ्याने पट्टा खेचून धरला. तिघंही तसेच उभे राहिले. कॅप्टनच्या कपाळावरचा घाम तिच्या गालावर टपकत होता.

"बाबा," नवरा धापा टाकत म्हणाला, "वर जाऊया का परत?"

ठोकायला हात मोकळा नव्हता. सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. घाई केली नाही. कॅप्टननी दीर्घ श्वास घेतला, उजवा पाय उचलला आणि खालच्या पायरीवर ठेवला.

दुकानात त्यांना टाकीसमोरच्या खुर्चीत बसवलं तेव्हा ते थरथरत होते. सुनेने एकेक मासा कपाने उचलून त्यांच्या डाव्या हातात दिला. कप पाण्याला टेकवून, तिरका करून त्यांनी एकेकाला सोडलं. खलाशी तळाला जाऊन चिडीचूप बसले, सगळे एका कोपऱ्यात. बराच वेळ कुणी हललं नाही. मग एकाने वाळूत नाक खुपसलं.

नवरा कामाला निघून गेला. शिलाई मशीन सुरू झालं. गिऱ्हाइकं आली, कपडे देऊन गेली, एक-दोघांनी 'कॅप्टन, बरे आहात का?' विचारलं आणि उत्तराला वेळ लागतो हे कळल्यावर थांबलेही. दुपार कलली.

"बाबा, वर जायचं आता?" सुनेने विचारलं.

ठक ठक.

तिने एक स्टूल ओढलं आणि त्यांच्याशेजारी बसली. शिंपिणीने मशीनमागून एक शर्ट तिच्या मांडीवर फेकला.

"रिकामी काय बसतेस," ती तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाली. "बटणं लाव."